हाताने चालते, बूटला चालत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मशीन बूट होताना सर्व्हिस (मागे सतत चालणारा प्रोग्राम) सुरू करणाऱ्या स्क्रिप्टवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सकाळीच वाचली होती, पण घाईत दोन ओळी खरडण्यापेक्षा निवांत लिहावं म्हटलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: स्क्रिप्ट हाताने चालवली की सर्व्हिस उठते, म्हणजे स्क्रिप्ट ठीकच आहे. बूटच्या वेळी उठत नव्हती म्हणून वर ३० सेकंदांचा स्लीप (नुसतं थांबून राहण्याची कमांड) टाकलात आणि काम झालं, मग मी लेखात एन्व्हायर्नमेंटचं (प्रोग्रामला चालताना मिळणाऱ्या व्हेरिएबल्सचं) पुराण कशाला लावलंय? दुसऱ्या मशीनवर तर फाइल समोर दिसत असताना सिस्टिमडी (लिनक्सवर बूटला सर्व्हिसेस उठवणारा प्रोग्राम) 'नो सच फाइल' म्हणतं. इनिटच्या स्क्रिप्ट्स (सर्व्हिस उठवायची सिस्टिमडीआधीची पद्धत) आता कोण लिहितं, हेही विचारलंत. आणि पीआयडी फाइलबद्दल (चालू प्रोसेसचा नंबर जिच्यात लिहिलेला असतो ती) मी चुकीचं लिहिलंय, असंही म्हणालात.

शेवटापासून सुरू करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. फाइलमधला नंबर घ्या, किल कमांडने त्याला शून्य सिग्नल पाठवा, प्रोसेस जिवंत निघाली तर सर्व्हिस चालू आहे, असं मी लिहिलं होतं. लाजेची गोष्ट अशी की यावरच मी स्वतः एकदा तोंडावर आपटलोय. वीज गेली, मशीन धाडकन बंद पडलं, पीआयडी फाइल डिस्कवर तशीच राहिली. आत आकडा ११८७. परत बूट केल्यावर स्क्रिप्ट म्हणते 'ऑलरेडी रनिंग', आणि पोर्टवर मात्र सामसूम. पीएस कमांडने चालू प्रोसेस बघितल्या तर ११८७ नंबर क्रॉनला (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रामला) मिळालेला! हा निव्वळ योगायोगही नाही. लिनक्स हे नंबर क्रमाने वाटतं, आणि दर बूटला साधारण त्याच प्रोसेस त्याच क्रमाने उठतात. त्यामुळे तुमचा जुना नंबर एखाद्या शेजाऱ्याला मिळणं सहज शक्य असतं. तेव्हा नंबरसोबत प्रोसेसचं नावही ताडून बघायला हवं, किंवा फाइल 'स्लॅश रन'मध्ये ठेवायला हवी. ती जागा मेमरीत असते, बूटला आपोआप पुसली जाते. (तिथली तुमची डिरेक्टरीही पुसली जाते आणि दर वेळी नव्याने बनवावी लागते. हे विसरलात की पुढचा घोळ तयार.) मूळ लेख दुरुस्त करतोय.

पण 'हाताने चालते, म्हणजे ठीक आहे' हे काही मला पटत नाही. तुम्ही लॉगिन करता तेव्हा तुमची प्रोफाइल वाचली जाते, पाथमध्ये (कमांड कुठे शोधायच्या त्या यादीत) तुम्ही जोडलेल्या डिरेक्टरी येतात, समोर टर्मिनल असतं. बूटला यातलं काहीच नसतं. वर्किंग डिरेक्टरीसुद्धा थेट रूट, म्हणजे सगळ्यात वरची डिरेक्टरी, त्यामुळे कॉन्फिग फाइलचा पाथ अर्धा लिहिला असेल तर ती सापडायची नाही. तुमच्या दुसऱ्या मशीनचंच घ्या. स्क्रिप्ट कोणत्या प्रोग्रामने चालवायची ते तिची पहिली ओळ सांगते, आणि तुम्ही दिलेल्या पहिल्या ओळीत बॅश या शेलचा पाथ 'यूएसआर, लोकल, बिन' असा आहे. फ्रीबीएसडी या वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर बॅश तिथेच असतो, लिनक्सवर सहसा नसतो. हाताने चालवताना तुम्ही आधी 'बॅश' टाइप करून पुढे स्क्रिप्टचं नाव देता, तेव्हा ती पहिली ओळ नुसती कॉमेंट ठरते, तिला कोणी विचारत नाही. सिस्टिमडी मात्र फाइल थेट एक्झिक्यूट करायला जातं, आणि सापडत नाही तो इंटरप्रिटर, म्हणजे पहिल्या ओळीतला बॅश, तुमची फाइल नव्हे! सिस्टिमडीच्या स्टेटसमध्ये २०३ हा एरर कोड दिसतो ते यामुळेच. मेसेज दिशाभूल करणारा आहे खरा, पण तो सिस्टिमडीचा बिघाड नाही.

हाताने बघायचंच असेल तर एन्व्ह कमांडला मायनस आय देऊन सगळे व्हेरिएबल पुसा आणि शेलला मायनस एक्स द्या. कुठल्या ओळीवर अडतंय ते डोळ्यांसमोर येईल. फक्त हे रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून करू नका, सर्व्हिसचा जो युजर असेल त्याच्या नावाने करा. रूटने एकदा चालवलं की लॉग फाइल रूटच्या मालकीची बनते, आणि नंतर खरी सर्व्हिस तिच्यात लिहू शकत नाही म्हणून पडते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आता स्लीप. त्या ३० सेकंदांत काहीतरी तयार होतं, नेटवर्क म्हणा, डेटाबेस म्हणा. कशाची वाट बघायची ते न शोधता तुम्ही घड्याळ लावलंत. रोज पुरेल. वीज गेल्यानंतर मात्र डेटाबेस आधी स्वतःला सावरत बसतो आणि ३० चे ९० सेकंद होतात. म्हणजे नेमक्या गरजेच्या दिवशी तुमचा उपाय तोकडा. युनिटमध्ये (सर्व्हिस कशी चालवायची ते सिस्टिमडीला सांगणाऱ्या फाइलमध्ये) नुसतं 'नेटवर्क टार्गेट' लिहूनही भागत नाही, कारण त्यावरून मशीनला नेटवर्कवरचा पत्ता मिळालाय की नाही हे कळत नाही. त्यासाठी 'नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट' हवं, आणि तेही 'आफ्टर' आणि 'वॉन्ट्स' या दोन्ही ओळींत. 'आफ्टर' फक्त रांगेतला क्रम ठरवतं, बोलावणं पाठवत नाही; ते 'वॉन्ट्स'चं काम.

त्याहून चांगलं म्हणजे सर्व्हिस पडली तर पुन्हा उठू द्या. पण इथेही एक खाच आहे. 'रीस्टार्ट' लावलं आणि 'रीस्टार्टसेक' विसरलात, तर दोन प्रयत्नांमधलं अंतर फक्त १०० मिलिसेकंद असतं, आणि १० सेकंदांत ५ प्रयत्न झाले की सिस्टिमडी हात टेकतं. डेटाबेस डोळे चोळून उठायच्या आत तुमचे पाचही प्रयत्न संपलेले असतात. ५ सेकंदांचं अंतर ठेवा, मर्यादा गाठलीच जाणार नाही.

इनिट स्क्रिप्ट्सबद्दल फार वाद घालत नाही. सिस्टिमडी २०१० मध्ये आलं, डेबियन लिनक्सने २०१५ मध्ये आठव्या आवृत्तीपासून डीफॉल्ट केलं, हे खरंच. पण फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी आणि अल्पाइन लिनक्सवर आजही शेल स्क्रिप्ट्सच आहेत, आणि ती मशीन्स सांभाळणारेही हा लेख वाचतात.

तुमच्या दुसऱ्या मशीनवर आधी पहिली ओळ बदलून बघा. तरीही २०३ आलं तर कॅट कमांडला मायनस व्ही देऊन तीच ओळ तपासा. शेवटी टोपी घातलेला एम (^M) दिसला तर फाइल विंडोजवरच्या एडिटरमधून फिरून आली आहे. तोही नसेल तर त्या बूटचा जर्नल (सिस्टिमडीचा लॉग) इथे टाका, बघू.