मावशी, माझी कॅप!

कोल्हापूरचा माणूस सोलमध्ये तिखटाला भ्याला, अशी बातमी गावी जाऊ नये म्हणून मी तोकबोक्कीच्या गाडीवर उभा राहिलो. तिखटाचं म्हणाल तर तांबड्या रश्श्यापुढे काहीच नाही. गोचुजांग म्हणजे मिरचीचीच चटणी, पण गूळ घातल्यासारखी गोडसर. घात केला तो तांदळाच्या नळ्यांनी. मोदकाची उकड सारण विसरून बोटाएवढी वळली आणि लाल रश्श्यात रटरटत ठेवली, तर जे होईल ते. दात लावला की तुटत नाही, लांबते.

तिसऱ्या नळीला माझ्या दाढेची कॅप गेली.

जीभ फिरवली तर खड्डा. ताटलीत पाहिलं तर सगळंच वरून लाल, आतून पांढरं. त्यात इथे ताटलीला प्लॅस्टिकची पिशवी चढवलेली. गिऱ्हाईक हललं की पिशवी उलटी करून थेट कचऱ्यात. मी टूथपिकने एकेक तुकडा उलथू लागलो. टूथपिक मोडली. शेजारच्या पोराने खाऊन ठेवलेली ओमुकची, म्हणजे माशाच्या वडीची, लांब काडी उचलली आणि उत्खनन चालू ठेवलं.

गाडीवालीला सगळे 'इमो' म्हणतात. इमो म्हणजे आईची बहीण, आपली मावशीच. मी चमच्याबिमच्याशिवाय तळ गाठतोय म्हणजे पोराला भूक फार, असं मावशीला वाटलं असावं. तिने आणखी पळीभर ओतलं. "सॉबिस!" हा सर्व्हिसचा कोरियन अवतार, अर्थ फुकट. कॅप आता दुप्पट रश्श्याखाली.

या पदार्थाच्या लाल अवताराचा जन्मही म्हणे असाच. 1953 साली मा बोक-रिम नावाच्या बाईंच्या हातून तांदळाच्या उकडीचा तुकडा काळ्या सॉसच्या नूडल्समध्ये पडला, चव आवडली, आणि पुढे सिंदांग-दोंगमध्ये अख्खी तोकबोक्की गल्ली उभी राहिली. त्यांचं पडलं त्याची गल्ली झाली. माझं पडलं त्याचे हप्ते अजून चालू आहेत.

शेवटी एका उष्ट्या तुकड्यात रुतलेली सापडली. धुवायला पाणी कुठलं? ओमुकचं गरम सार कागदी पेल्यात फुकट मिळतं; त्यात बुडवली. मावशीने पेल्यात डोकावलं, मग आ वासून आपली सोन्याची दाढ दाखवली. मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

ओमुकचा हिशेब समोरच्या रिकाम्या काड्यांवरून होतो. मी एकही खाल्ला नव्हता. मावशीने माझ्या ताटलीतली काडी उचलून पाहिली आणि एक बोट वर केलं.

कॅप मुठीत धरून मी पैसे दिले.