राहतं घर एकच असेल, तर मृत्युपत्र आधी करा

"मृत्युपत्र बंगलेवाल्यांनी करावं, आपल्याकडे आहे काय?" हे वाक्य मराठी घरांत सर्रास ऐकू येतं. मला ते मुळातच चुकीचं वाटतं. चार फ्लॅट आणि दोन प्लॉट असणाऱ्यांच्या वारसांना वाटून घ्यायला काहीतरी असतं. राहता एक फ्लॅट, पीएफ, थोड्या एफडी आणि गावाकडे सात-बारावर नाव, एवढीच ज्यांची पुंजी, त्यांच्याकडे वाद झाला की तो थेट डोक्यावरच्या छपरापर्यंत येतो. दोन खोल्यांचे चार वाटे पडत नाहीत. घर विकून पैसे वाटावे लागतात.

मृत्युपत्र नसलं की वाटणी कायदा करतो. हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांना १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू होतो. (मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांचे नियम वेगळे आहेत, मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय साधारण एक तृतीयांश मिळकतच मृत्युपत्राने देता येते.) या कायद्याने पुरुषामागे बायको, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. नवऱ्यामागे घर आपोआप आपलं होतं असं अनेक बायका धरून चालतात. तसं होत नाही.

समजा, नवऱ्याने स्वकमाईने घेतलेला फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर आहे. सासरे आधीच वारलेत. मागे बायको, दोन लहान मुलं आणि सासूबाई. चौघांना पाव-पाव हिस्सा. पुढे सासूबाईही मृत्युपत्र न करता गेल्या, की त्यांचा पाव हिस्सा त्यांच्या मुलामुलींकडे जातो. गेलेल्या मुलाच्या वाट्याचं त्याच्या मुलांना मिळतं, सुनेला त्यातलं काही नाही. म्हणजे दीर आणि नणंद त्या घराचे सहमालक झाले. नाती गोडीची असली तरी घर विकताना त्यांच्या सह्या लागणारच. शिवाय मुलं अज्ञान (१८ वर्षांखालची) असतील, तर त्यांचा हिस्सा विकायला आईलासुद्धा न्यायालयाची परवानगी काढावी लागते. नवऱ्याने एक पान लिहून ठेवलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं.

कमावत्या बायकांनी तर याच कायद्याचं कलम १५ वाचावंच. मूल नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिने स्वतःच्या पगारातून जमवलेलं सगळं आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं. तिचे स्वतःचे आईवडील त्यांच्यानंतर. आईवडिलांकडून वारशाने आलेली मिळकत तेवढी वडिलांच्या वारसांकडे परत जाते. हा नियम मला अन्यायाचा वाटतो, पण तो आज आहे, आणि त्यावरचा उपाय त्या बाईच्या हातात आहे.

"आम्ही नॉमिनेशन केलंय ना!" हे दुसरं वाक्य. नॉमिनी म्हणजे पैसे किंवा शेअर ज्याच्या हाती सोपवायचे तो माणूस. मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव आहे त्याची. डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सबाबत हेच सांगितलं. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांमध्येही २०१९ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनी फक्त तात्पुरता सदस्य होतो, वारस ठरेपर्यंत. विम्यात नवरा-बायको, मुलं, आईवडील नॉमिनी असतील तर २०१५ पासून त्यांची बाजू बळकट आहे. पीएफचं वेगळंच: लग्नानंतर नामांकन नव्याने करावं लागतं, आणि ते राहून गेलेली माणसं पुष्कळ आहेत. बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी ठेवता येतात, ठेवींना टक्केवारीही देता येते. नॉमिनेशन जरूर करा, पैसे लवकर हातात येतात. पण नॉमिनी एक आणि मृत्युपत्रात दुसराच, असं ठेवू नका. भांडणाला तेवढं कारण पुरतं.

आता कागदाकडे. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. मी तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करायलाच सांगेन, कारण उद्या कुणी "ही सही बाबांची नाहीच" म्हणालं तर ती उपयोगी पडते. खरी मेख साक्षीदारांत आहे. किमान दोन हवेत. तुम्हाला सही करताना दोघांनी पाहावं आणि तुमच्यासमोर आपली सही करावी. आतला मजकूर त्यांना कळायची गरज नाही. वाद न्यायालयात गेला तर त्यातल्या एकाला तरी साक्ष द्यावी लागते, म्हणून साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान, सहज सापडणारे आणि ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळत नाही असेच घ्या. वय जास्त असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा. प्रत्येक पानावर सही करा, खाडाखोड झाली तर ते पान नव्याने लिहा.

मजकुरात चुका ठरलेल्या असतात. एफडीचा नंबर लिहितात. नूतनीकरणात तो बदलू शकतो आणि मग ही ठेव तीच का, हा प्रश्न उभा राहतो. त्यापेक्षा "अमुक बँकेतील माझ्या नावावरील सर्व ठेवी व खाती" असं लिहा. फ्लॅटचा मात्र पूर्ण तपशील हवा: संस्थेचं नाव, फ्लॅट नंबर, शेअर सर्टिफिकेटचा नंबर. शेवटी "याखेरीज माझी जी काही मिळकत निघेल ती" कुणाला, हे वाक्य हवंच. ज्याला दिलं तो तुमच्याआधी गेला तर कुणाला, तेही लिहा. मुलं लहान असतील तर आईवडील दोघांच्या पश्चात पालक कोण, तेही इथेच.

सगळ्यात महाग पडणारी चूक प्रेमापोटी होते: "फ्लॅट पत्नीस हयातीपर्यंत व तिच्यानंतर मुलास." ऐकायला छान, पण आजारपणात पैसे लागले तर त्या बाईला घर विकता येत नाही. तिला तो अधिकार द्यायचा असेल तर "पूर्ण मालकी हक्काने" हे शब्द घाला. एखाद्या मुलाला किंवा मुलीला कमी देणार असाल तर कारण दोन ओळींत लिहा, नाहीतर दबावाचा संशय तिथूनच सुरू होतो. वडिलोपार्जित मिळकतीत फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो, आणि २००५ पासून मुलगीही मुलासारखीच जन्माने हिस्सेदार आहे.

जिवंतपणी बक्षीसपत्र करून मोकळं व्हावं असं काहींना वाटतं. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलांना देताना मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे (नोंदणी व इतर आकार वेगळे), म्हणून मोह होतो. पण बक्षीसपत्र सहसा मागे घेता येत नाही. मृत्युपत्र शेवटच्या दिवसापर्यंत बदलता येतं. करायचंच असेल तर सांभाळ करण्याची अट दस्तातच लिहा. मुलांनी सांभाळलं नाही, तर बक्षीसपत्र रद्द करून घ्यायला २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ चा आधार मग मागता येतो.

मूळ प्रत फक्त स्वतःच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका. तो लॉकर उघडायला वारसांना आधी कागदपत्रं जमवावी लागतात, आणि त्यातला हवा असलेला कागद आतच असतो. घरातल्या फाइलमध्ये ठेवा, मृत्युपत्राप्रमाणे वाटणी करून द्यायला व्यवस्थापक म्हणून ज्याला त्यात नेमलं त्याला जागा दाखवा, आणि सोबत बँका, डिमॅट, पॉलिसी, कर्जं यांची एक यादी ठेवा. दहा वर्षं कुणी विचारलं नाही तर बँकेतली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होते. ती परत मिळते, पण ती आहे हे घरात कुणाला तरी माहीत असावं लागतं.