आधी ॲडमिट व्हा, मग बोला

थेरपी सुरू करायचं ठरवलंय? उत्तम. थेरपिस्ट नंतर शोधा, आधी पलंग शोधा. रुग्णालयातला, नंबर घातलेला, शक्यतो शेजारी सलाईनचा स्टँड असलेला. त्यावर चोवीस तास पडून राहायची तयारी ठेवा. कारण तुम्ही खुर्चीत बसून बरे होत असाल, तर विमा कंपनीच्या लेखी तुम्ही आजारीच नव्हतात.

हे ज्ञान मला गेल्या आठवड्यात एका ईमेलमधून प्राप्त झालं. ज्या पॉलिसीचा हप्ता मी वर्षानुवर्षं मुदतीच्या आत भरत आलोय, तिच्यावर थेरपीच्या पावत्या पाठवायचा आगाऊपणा मी केला होता. पावत्यांवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक, सोबत मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी. उत्तर आलं: 'किमान २४ तासांचे आंतररुग्ण वास्तव्य आढळून न आल्याने आपला दावा नामंजूर करण्यात येत आहे. आम्ही आपणांस उत्तम आरोग्य चिंतितो.' शेवटचं वाक्य मला फार आवडलं. चिंतायला पैसे पडत नाहीत.

मी फोन लावला.

"सर, ॲडमिशन असतं तर क्लेम प्रोसेस झाला असता."

"म्हणजे मी ॲडमिट व्हायला हवं होतं?"

"तसं नाही सर. पण झाला असतात तर बरं झालं असतं."

"कोणाला?"

"सर, मी आपली आणखी काही मदत करू शकते का?"

तिच्यावर चिडून उपयोग नाही. दिवसभर असे फोन घेऊन तिलाही थेरपीची गरज असेल, आणि तिच्याही पॉलिसीत ती बसत नसेल.

कोणी जरा वेगळं वागलं की 'याला ठाण्याला पाठवा', 'येरवड्याला भरती करा' म्हणायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. (प्रादेशिक मनोरुग्णालयं नागपूर आणि रत्नागिरीलाही आहेत, पण आमच्याकडच्या विनोदात त्यांना तितका मान नाही.) मी ती टिंगल समजत होतो. आता कळलं, ती दाव्याची अट आहे.

कायद्याचा आधार घ्यायचा मोह झाला तर जरूर घ्या, करमणूक होते. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा. त्याच्या कलम २१(४) मध्ये स्वच्छ लिहिलंय की शारीरिक आजारांना ज्या धर्तीवर विमा मिळतो, त्याच धर्तीवर प्रत्येक विमा कंपनीने मानसिक आजारांच्या उपचारांनाही द्यावा. २०१८ मध्ये कायदा लागू झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, तो पाळा असं परिपत्रक काढलं. मग २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा एक काढलं, की खरंच पाळा, या महिनाअखेरपर्यंत पाळा. कंपन्यांनी पाळला. कसा, ते ऐका. तापासाठी डॉक्टरकडे जाऊन घरी आलात तर साध्या पॉलिसीत पैसे मिळतात? नाही. मग मनासाठी जाऊन घरी आलात तरी मिळणार नाहीत. झाली समानता!

यात तुम्हाला काही खटकत असेल तर तुमचा विम्याचा अभ्यास कमी आहे. माझाही कमीच आहे, म्हणून विचारतो. शरीराच्या मोठ्या दुखण्यात ओपीडी ही नुसती पायरी असते, मोठा खर्च पुढे ऑपरेशनला, आयसीयूला येतो, आणि तिथे विमा उभा राहतो. मनाच्या बहुतेक दुखण्यांत त्या पायरीपुढे काही नसतंच. अख्खा इलाजच खुर्चीत होतो, आठवड्यातून एकदा, पन्नासेक मिनिटं, महिनोन्महिने. पुढे कुठलंही ऑपरेशन वाट बघत नसतं. म्हणजे ज्या जागी खर्च होतो नेमकी तीच जागा वगळायची आणि वर दोघांना एकच नियम लावला म्हणायचं! बरं, चोवीस तासांचा हा नियम काही दगडावर कोरलेला नाही. मोतीबिंदू सकाळी काढतात, दुपारी माणूस काळा चष्मा लावून घरी येतो, त्याचे पैसे मिळतात. डायलिसिसचे मिळतात, केमोथेरपीचे मिळतात, आणि तिथे कोणी रात्रभर झोपून दाखवा म्हणत नाही. वैद्यक पुढे गेलं, भरती व्हायची गरज उरली नाही, म्हणून डे-केअरची यादी केली आणि वाढवत नेली. त्या यादीत मोतीबिंदू मावतो, मूतखडा मावतो, आणि समोर बसून केलेला नैराश्याचा उपचार तेवढा मावत नाही. तीव्र आजारात भरती व्हावंच लागलं त्यांना या कायद्यामुळे पैसे मिळू लागले, हे कबूल. पण भरती व्हायची वेळ येऊ नये म्हणून जो माणूस वेळेवर स्वतःच्या पायांनी चालत जातो, त्याने काय पाप केलं? त्याने तर कंपनीचे पैसे वाचवले!

असो. उपरोध सुटला हातातून. पुढचा सल्ला.

ओपीडीचा रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडायची पुरवणी, घ्या. वर्षाला काही हजारांचं कवच, आणि बऱ्याचदा त्याच्या आसपास पोचणारा जादा हप्ता. तुमचेच पैसे, फक्त अर्ज करून परत मागायचे.

दावा भरताना डिस्चार्ज कार्ड जोडायला विसरू नका. थेरपिस्टच्या दारातून बाहेर पडताना ते मिळत नसेल तर तो तुमचा प्रश्न आहे.

नवी पॉलिसी घेणार असाल तर प्रस्तावाचा फॉर्म मोकळ्या मनाने भरा. त्यात एक प्रश्न असतो: मानसिक आजारासाठी कधी सल्ला वा उपचार घेतला आहे का? खरं बोलून 'हो' लिहिलंत की फोन येतो, हप्ता वाढवू पाहतात, किंवा आधीपासूनचा आजार म्हणून प्रतीक्षाकाळ लावतात. तो पूर्वी कमाल चार वर्षं असायचा, २०२४ पासून तीन वर्षं केलाय, त्याबद्दल आभार. 'नाही' लिहिलंत आणि पुढे कधी पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तर दाव्याच्या वेळी तुमचा जुना कागद शोधून काढून 'माहिती लपवली' म्हणता येतं. म्हणजे थेरपीचे पैसे द्यायच्या वेळी थेरपी हा आजार नसतो आणि हप्ता वाढवायच्या वेळी असतो. लपवू नका हं मात्र. हे एवढं खरंच सांगतोय, 'हो'च लिहा.

जीएसटी गेला त्याचा आनंद माना. वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के कर २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला. पंचवीस हजारांच्या हप्त्यावर साडेचार हजार वाचले. दीड हजारांची तीन सेशन झाली. चौथ्या सेशनपर्यंत बरे व्हा.

स्वतःच्या खिशातून भरायचं की नाही, याचा निर्णय मात्र शांतपणे घ्या. दर आठवड्याला दीड हजार म्हणजे महिन्याला सहा हजार, असा आकडा घालून घ्या आणि तिथेच थांबा. पंधरा दिवसांतून एकदा चालेल का, हे विचारू नका. फी थोडी कमी होईल का, हेही विचारू नका. विचारलं तर बरेच थेरपिस्ट हो म्हणतात, आणि मग न जाण्याचं कारण उरत नाही. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीकडे तर फिरकूच नका. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, आणि मोफत गोष्टीत आपल्याला कमीपणा वाटतो. तसाच तो टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर. चोवीस तास चालू, पैसे नाहीत, मराठीत बोलतात. कशाला सेव्ह करायचा!

समोरच्याची नोंदणी तपासू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. हीलर व्हायला एक रिंग लाइट पुरतो, आणि त्याची फी जास्त असते.

नातेवाइकांशी बोला, दीड हजार वाचतात. पुढे जे होतं त्याचा दावा कुठेच करता येत नाही.

आणि नोकरी करत असाल तर १० ऑक्टोबरची, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनाची, वाट पाहा. त्या दिवशी एचआरचा ईमेल येतो, हिरवी रिबीन लावलेला: आपल्या मनाची काळजी घ्या, आम्ही तुमच्यासोबत आहोत. मोजकी मोफत सेशन्स असतात. थेरपिस्टला तुमच्या वडिलांचं नाव नीट कळेपर्यंत ती संपतात. मग त्याच एचआरला विचारा की ग्रुप पॉलिसीत ओपीडी थेरपी घालून घ्याल का. 'मॅनेजमेंटशी बोलून सांगते.' पुढच्या १० ऑक्टोबरला पुन्हा रिबीन.

अहो, लाजा नाही वाटत का तुम्हाला? रिबिनी लावता, वेबिनार घेता, त्या वेबिनारला हजर न राहिलेल्यांची यादी मॅनेजरला पाठवता, आणि पॉलिसीचं नूतनीकरण करताना ती एक ओळ वाढवून मागायची वेळ आली की तोंड शिवून बसता! ग्रुप पॉलिसीत वाटाघाटी होतात. प्रसूतीचं कवच वाटाघाटीत मिळतं, आईवडिलांचं मिळतं. हे कोणी मागितलंच नाही म्हणून मिळालं नाही.

आणि विमा कंपनीवाल्यांनो, निम्हान्स या बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये देशभर पाहणी केली, तेव्हा वेगवेगळ्या मानसिक आजारांत उपचारच न मिळणाऱ्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं होतं. उरलेले जे थोडे कसेबसे दारापर्यंत पोचतात, त्यांना तुम्ही अजून आजारी होऊन या म्हणून परत पाठवता. वर उत्तम आरोग्य चिंतता! नियामकानेही दोनदा परिपत्रकं काढली आणि दोन्ही वेळा पलंगाची अट तशीच राहू दिली. ज्यांचा दावा असा फेटाळलाय त्यांनी गप्प बसू नका. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी द्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा, मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, मुदत एक वर्षाची. पॉलिसीतल्या अटीवर बोट ठेवून तिथेही नाही म्हणतील, म्हणू देत. नकार लेखी घ्या. मोतीबिंदूसाठी ज्यांनी चोवीस तासांची अट काढली त्यांना ती थेरपीसाठीही काढता येते. ती का काढत नाही, हे त्यांना कागदावर लिहून द्यायला लावा, दर दाव्याला, दर माणसागणिक.