डोकं चालवलं की डीएनए तुटतो म्हणे!

सांगलीच्या आमच्या मावशीनं काकांना घराबाहेर पाठवणं बंद केलंय. काकांना अल्झायमर आहे, पण अजून माणसं ओळखतात, गप्पांत रमतात. मग बंद का? तर भिशीच्या ग्रुपवर मेसेज आला. मेंदूतला डीएनए दुरुस्त करणारं प्रोटीन संपलं की अल्झायमर होतो; विचार केला की डीएनए तुटतो, म्हणून म्हाताऱ्या माणसांना शांत बसवा; हळदीच्या कॅप्सूलनं ते प्रोटीन वाढतं; ९० दिवसांत स्मरणशक्ती परत, सगळ्या गोळ्या बंद करा. खाली हात जोडलेले आणि 'दहा जणांना पाठवा'.

आधी ते शांत बसवणं. हे कुठून आलं असावं याचा अंदाज आहे, म्हणूनच जास्त चीड येते. २०१३ मध्ये 'नेचर न्यूरोसायन्स' या विज्ञानपत्रिकेत उंदरांवरचा एक अभ्यास छापून आला. तरुण, धडधाकट उंदरांना नव्या जागेत सोडलं, ते हुंगत-धुंडाळत फिरले. नंतर त्यांच्या मेंदूच्या पेशींत डीएनएचे दोन्ही पदर जागोजागी तुटलेले दिसले. मेसेजवाल्यानं बहुधा इथंच वाचन आटोपलं. पुढं लिहिलंय की चोवीस तासांत ती तुटफूट सांधली गेली होती. म्हणजे निरोगी मेंदूत हे रोजचंच चाललेलं असतं. अल्झायमरसारखा बिघाड घडवलेल्या उंदरांत मात्र मुळातच तुटफूट जास्त होती, आणि फिरून आल्यावर ती लवकर सांधतही नव्हती. दोष दुरुस्तीत आहे, हिंडण्याफिरण्यात काय दोष? आणि उंदरांना पिंजऱ्यात गप्प बसवा, असं त्या अभ्यासात कुणीही म्हटलेलं नाही.

काकांचं आयुष्य मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांत गेलं. आजही हातात हळकुंड दिलं की कटकन मोडतात, आतला रंग उजेडाला धरून बघतात आणि मालाबद्दल बोलायला लागतात. भाव वीस वर्षांपूर्वीचा सांगतात, ते सोडा. अशा माणसाला भिंतीकडं तोंड करून बसवायचं? 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेच्या स्मृतिभ्रंश आयोगानं २०२४ मध्ये धोका वाढवणाऱ्या, पण हाताळता येणाऱ्या १४ गोष्टी सांगितल्या, त्यात माणसांपासून तुटणं आहेच.

प्रोटीनची गोष्ट अर्धी खरी, नाइलाजानं का होईना मान्य करतो. सर्टुइन-६ नावाचं प्रोटीन डीएनएच्या दुरुस्तीत असतं. इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की उंदरांच्या मेंदूतून ते काढून टाकलं तर त्यांचं शिकणं बिघडतं. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूतही ते कमी आढळलं. पण दुरुस्ती करणारं हे एकटंच नाही, आणि ते कमी झालं म्हणूनच आजार झाला असं रुग्णांच्या मेंदूवरून ठरत नाही. वाढवणारं औषध तर अल्झायमरसाठी अजून मंजूरच नाही.

आता हळद. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, अभिमान आहे. भाजीत घाला, दुधात घाला. पण तिच्यातलं कर्क्युमिन पोटातून रक्तात फार थोडं उतरतं. उतरावं म्हणून कॅप्सूलमध्ये मिऱ्याचा अर्क घालून डोस वाढवतात, आणि अशा कॅप्सूलींनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आणखी जपून.

९० दिवसांचं काय बोलायचं! मेलेल्या पेशी परत येत नाहीत.

गोळ्यांनी अल्झायमर बरा होत नाही, एवढं खरं. पण डोनेपेझिलसारखी गोळी काही काळ माणसाला सावरते. अचानक सोडली तर घसरण होऊ शकते. आणि मावशीनं 'सगळ्या' वाचून बीपीचीही गोळी थांबवली होती. बीपी वाढून पक्षाघात झाला तर मेंदूचं आणखी नुकसान. मी फोनवरच आवाज चढवला. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी हलवायची नाही.

कॅप्सूलचे पैसे उरले तर काकांचे कान तपासून घ्या. कमी ऐकू येणं त्या १४ गोष्टींत आहे, आणि काकांना हल्ली टीव्ही फुल आवाजात लागतो.