आधी दार लावा

ह्यूस्टनमधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये महिन्यातून एक शनिवार मी नोटरी म्हणून बसतो. वकील मंडळी गरीब घरमालकांची मृत्युपत्रं फुकट करून देतात, मी समोर झालेल्या सह्या प्रमाणित करतो. येणारे बहुतेक म्हातारे, जन्मभराची कमाई म्हणजे एक जुनं लाकडी घर. 2017 साली हार्वी वादळाचं पाणी घरात शिरलं, मदतीचे अर्ज भरायची वेळ आली, तेव्हा काहींना कळलं की कागदावर अजून मेलेल्या आजोबांचंच नाव आहे. टेक्ससमध्ये 2015 पासून एक साधा दस्त करता येतो: मी आहे तोवर घर माझं, माझ्यामागं अमक्याचं. अट एकच, तो जिवंतपणी नोंदवलेला हवा. मग वारसांना घरासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

तिथं बसलो की औसा तालुक्यातली आमची काकू आठवते. काका जाऊन चौदा वर्षं झाली. घरपट्टी काकू भरते, पण ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, नाव आजोबांचं. घरकुलाचे 1,20,000 रुपये त्या एका नावापायी दोन वर्षं अडकले. "काकू, घर तुझ्या नावावर करून घे," असं मी फोनवर म्हणालो, तर उत्तर आलं, "माज्या नावावर करून काय करायचं रं, पोरं हायत की." पोरं तेव्हा शेजारीच बसली होती.

एप्रिल 2025 मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर सुरू झाली आणि गावाकडं वाद पेटला. मयताच्या जागी वारसांची नावं लावायला सरकारच गावात येतंय, हे मला मनापासून आवडलं. इथं अमेरिकेत त्यासाठी कुणी दारात येत नाही. पण भावकीतले काही म्हणतात, या मोहिमेनं बहिणींची नावं चढली आणि घरं फुटली. मला हे अजिबात पटत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्रानं 1994 साली दिला, देशानं 2005 साली. 2005 मध्ये बाप हयात नसला तरी मुलीचा हक्क जात नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. नाव चढणं हा तिच्यावरचा उपकार नाही. मला काळजी आहे ती नाव चढल्यावर तिच्यापुढं सरकवल्या जाणाऱ्या हक्कसोडीच्या कागदाची, ज्यावर सही केली की तिचा वाटा भावांकडं जातो.

शिवाय मोहीम येते ती माणूस गेल्यावर. म्हणून बरेच दिवस माझ्या मनात होतं, हॉलमधलं हे काम जसंच्या तसं लातूरला न्यावं. आपल्याकडं मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, साधा कागद आणि दोन साक्षीदार पुरतात, नोंदणीही सक्तीची नाही. मग एकदम लक्षात आलं की हाच स्वस्त कागद बहिणींना तोडायलाही तितकाच सोयीचा आहे. म्हाताऱ्याला उचलून आणायचं, अंगठा घ्यायचा, झालं. नुसते फॉर्म वाटले तर आपण नेमकं त्यालाच हातभार लावू.

एका शनिवारी सत्तरीची बाई मुलाबरोबर आली. सगळं तोच बोलत होता. वकिलानं त्याला अदबीनं बाहेर बसायला सांगितलं, दार लावलं आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, मला रोज आंघोळ मुलगी घालते, घर तिला द्यायचंय. इथून काही न्यायचं असेल तर मला एवढंच न्यावंसं वाटतं.

बाकीचं आपल्याकडं आहे. 1987 च्या कायद्यानं बाईला, तिची मिळकत कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. गावातल्या किती विधवांना हे कुणी सांगितलंय? कीर्तनाला, हळदीकुंकवाला हे सांगता येईल, बचत गटाच्या बैठकीत तर सांगायलाच हवं.

जानेवारीत मी गावी येतोय. ओळखीच्या एका वकील ताईंनी दोन शनिवार द्यायचं कबूल केलंय, शाळेची एक खोली मिळतेय. बाहेर पोरांसाठी सतरंजी टाकू. खोलीला आतून कडी आहे का, तेवढं विचारून घेतलंय.