वरळीच्या स्टेशनात पाणी खालून नाही, वरून शिरलं

पावसाचे ढग दिसले की तो व्हिडिओ पुन्हा फिरायला लागतो. मुंबईच्या भुयारी मेट्रो 3 चं वरळी भागातलं आचार्य अत्रे चौक स्टेशन, फलाटावर मातकट पाणी, आणि सोबत मजकूर : ‘समुद्राजवळ एवढं खोल खणलं की पाणी खालून येणारच. बोगदे गळतात. सगळी स्टेशनं बुडणार. पावसाळ्यात भुयारी मेट्रोत पाय ठेवू नका.’ आमच्या घरच्या ग्रुपवर तो मावशीने टाकला आणि तेव्हापासून तिने मेट्रो सोडली. म्हणून हे लिहायला बसलो.

व्हिडिओ खरा आहे, 26 मे 2025 चा. ‘पाणी खालून आलं’ हे मात्र साफ चूक. डॉ. ॲनी बेझंट रोडच्या बाजूला या स्टेशनच्या एका दाराचं बांधकाम अजून चालू होतं. ते दार प्रवाशांसाठी उघडलेलंही नव्हतं. तिथे पाणी अडवायला बांधलेली काँक्रीटची भिंत पावसाच्या लोंढ्याने कोसळली आणि पाणी खाली फलाटापर्यंत गेलं. त्या पाण्याचा रंग नीट बघा. चहासारखा आहे. वरची माती घेऊन आलेलं पाणी आहे ते.

‘बोगदे गळतात’ म्हणणाऱ्यांनी नकाशा बघावा. धारावी आणि बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) यांच्यामध्ये ही मेट्रो मिठी नदीच्या खालून जाते. बोगद्याला आतून काँक्रीटच्या तयार तुकड्यांची कडी बसवलेली असतात, सांध्यांत रबरी पट्ट्या दाबलेल्या असतात आणि तरीही झिरपलं तर ते पाणी खड्ड्यात गोळा करून पंपाने उपसतात. त्या दिवशी बंद ठेवावा लागला तो वरळी स्टेशन ते पुढचं अत्रे चौक स्टेशन एवढाच तुकडा. वरळीपासून आरेपर्यंत गाड्या धावत होत्या.

‘सगळी स्टेशनं’ हेही सैल बोलणं. या मार्गावरच्या 27 पैकी 26 भुयारी आहेत, आरेचं जमिनीवर आहे.

आता ‘पाय ठेवू नका’. या भीतीला मी हसणार नाही. चीनमधल्या झेंगझोऊ शहरात जुलै 2021 मध्ये भुयारी मेट्रोत पाणी शिरून 14 माणसं गेली. पण तिथेही पाणी आलं ते डेपोजवळची अडवणारी भिंत फोडून. भुयाराला धोका असतो तो त्याच्या तोंडाशी. म्हणूनच पक्क्या बांधलेल्या दारापाशी आपण आधी काही पायऱ्या चढतो आणि मग खाली उतरतो. रस्त्यावर तुंबलेलं पाणी आत येऊ नये, म्हणून तो चढ असतो.

आणि म्हणूनच मला या मेसेजचा राग येतो. दोष समुद्रावर ढकलला की माणसं सुटतात. पाऊस लवकर आला हे खरं, पण बीकेसी ते अत्रे चौक हा टप्पा सुरू झाला 10 मे रोजी, पावसाळा तोंडावर असताना, एक दार अर्धवट ठेवून. भिंत लोंढा पेलेल का, हे त्याआधी कोणी तपासलं, हे विचारायला हवं, आणि तेही पुढच्या प्रत्येक स्टेशनच्या उद्घाटनाआधी.

मावशी, मंगळवारी सिद्धिविनायकाला मेट्रोनेच जाऊ. दाराशी किती पायऱ्या चढायच्या ते तूच मोज.