चाच्यांचं जहाज नंतर, आधी बोट बघा

मंडळी, मुलांना घेऊन समुद्रकिनारी सुट्टीला गेलं की एक हट्ट हमखास होतो: "आपण त्या चाच्यांच्या बोटीत जायचं!" कवटीचा काळा झेंडा, पट्टेरी शर्टातले खलाशी, खजिन्याचा नकाशा, पाण्याच्या तोफा. शिवाय डॉल्फिन दाखवणारी फेरी असते, काचेच्या तळाची बोट असते, सूर्यास्ताची सफर असते. या फेऱ्या जरूर कराव्यात असं मला मनापासून वाटतं. पण तिकीट काढताना बहुतेक आईबाबा थीम बघतात, फोटो बघतात, वेळ बघतात आणि बोट मात्र बघतच नाहीत. माझं म्हणणं असं की आधी बोट निवडा, मग मुलाच्या वयाप्रमाणे वेळ, आणि थीम सगळ्यात शेवटी.

कारण थीमसाठी बोटीवर जे जे चढवलेलं असतं, त्याचा तिच्या तोलावर परिणाम होतो. जुन्या गलबतासारख्या दिसणाऱ्या बहुतेक पर्यटक बोटी इंजिनावर चालतात, डोलकाठ्या आणि शिडं नुसती शोभेची. पण ती उंच रचना वारा धरते आणि बाजूने वारा आला की बोट एका अंगाला कलते. त्यात वरच्या डेकवर गर्दी झाली की गुरुत्वमध्य वर जातो. आणि मग कुणीतरी ओरडतं, "डॉल्फिन डावीकडे!" सगळी माणसं एकदम एका कठड्याला. हे सगळं एकाच वेळी घडलं तर बोटीला परत सरळ व्हायला ताकद उरत नाही, असंही होऊ शकतं.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जवर 2 ऑक्टोबर 2005 रोजी 'ईथन ॲलन' ही पर्यटक बोट उलटली. बोटीवर 47 प्रवासी आणि एक कप्तान होता, त्यांतले 20 जण गेले. दुसऱ्या बोटीची लाट, वळण आणि बाकांवरून एका बाजूला घसरलेली माणसं, एवढं पुरलं. त्या बोटीला 48 प्रवाशांची रीतसर परवानगी होती. चौकशीत नव्याने हिशेब केला तेव्हा निघालं की तिच्यावर 14 जणच असायला हवे होते. परवानगी देताना धरलेलं माणशी वजन जुन्या काळातलं होतं, आणि मधल्या काळात बोटीवर वर लाकडी छत बसवलं होतं. म्हणून पाटीवरचा आकडा ही कमाल मर्यादा समजा. बोट त्या आकड्याच्या जवळ भरलेली दिसली तर पुढची फेरी घ्या, आणि जागा मिळेल तर खालच्या उघड्या डेकवर बसा.

बोट कशी बघायची? आदल्या दिवशी धक्क्यावर जा आणि ती फेरीवर निघताना व परत येताना बघा. अर्धा तास पुरे. रिकामी, उभी असताना ती एका बाजूला झुकलेली आहे का? इंजिन बंद असताना कुशीतल्या नळीतून दर दोन-चार मिनिटांनी पाण्याची पिचकारी उडत असेल तर आत कुठूनतरी पाणी येतंय आणि पंप ते सारखं बाहेर फेकतोय. (इंजिन चालू असताना मागून सतत पडणारं पाणी वेगळं, ते इंजिन थंड ठेवण्याचं असतं, त्याची काळजी नको.) चढताना आणि उतरताना खलाशी डोकी मोजतात का, हे नक्की बघा. निघण्यापूर्वी जॅकेट कुठे आहेत, पाण्यात कुणी पडलं तर काय करायचं, हे ते प्रवाशांना सांगतात का, आणि तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगतात का, तेही ऐका. हीच बोट संध्याकाळी मोठ्यांच्या पार्टीसाठी जात असेल तर कौटुंबिक फेरी वेगळी आहे ना आणि तिच्यावर दारू दिली जात नाही ना, हे स्पष्ट विचारून घ्या.

आता लाइफ जॅकेट. "जॅकेट आहेत ना?" हा प्रश्न अपुरा आहे. विचारायचं ते "माझ्या मुलाच्या वजनाचं जॅकेट आहे का?" जॅकेटच्या आत लेबल असतं, त्यावर वजन लिहिलेलं असतं. लहान मुलांची मापं साधारण 14 किलोपर्यंत, 14 ते 23 आणि 23 ते 41 किलो अशी असतात. लेबलवर न्यूटनमध्ये (हे तरंगवण्याच्या जोराचं माप) आकडा असेल तर 50 म्हणजे फक्त पोहता येणाऱ्यासाठी तरंगायला मदत. शुद्ध हरपलेल्या माणसाचं तोंड ते वर वळवेल असा भरवसा नाही. लहान मुलाला किमान 100 चं, मानेमागे कॉलर असलेलं, दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलं आणि उचलायला मागे कडी असलेलं हवं. सगळे पट्टे लावून मुलाला हात वर करायला सांगा आणि खांद्यांपाशी धरून जॅकेट वर ओढा. ते हनुवटीच्या किंवा कानांच्या वर सरकलं तर मोठं होतंय. पायांमधला पट्टा नसला तर पाण्यात जॅकेट वर आणि मूल खाली, असं होतं. मोठ्यांचं जॅकेट घट्ट आवळून मुलाला घालणं हा उपाय नव्हे. बरेच पालक घरून स्वतःचं नेतात, आणि मला ते अगदी योग्य वाटतं. हवेने फुगणारी जॅकेट मात्र लहान मुलांसाठी नसतात.

जॅकेट कधी घालायचं? चढण्याआधी, धक्क्यावरच. आणि ते घालून बंद केबिनमध्ये बसू नका. बोट बुडायला लागली तर जॅकेट माणसाला छताकडे उचलून धरतं आणि खाली वाकून खिडकीतून निघता येत नाही. जमिनीवर आणि पाण्यातही चालणाऱ्या 'डक बोट' नावाच्या पर्यटक गाड्यांवरचं छत याच कारणाने धोक्याचं ठरलं. अमेरिकेत आर्कान्सामध्ये 1999 साली अशा एका गाडीत 13 जण गेले, तेव्हाच चौकशी मंडळाने छतं काढायला सांगितलं होतं. तरीही 19 जुलै 2018 रोजी मिसूरीतल्या ब्रॅन्सनजवळ छत असलेलीच गाडी वादळात तलावात बुडाली. 31 पैकी 17 जण गेले, आणि वादळाचा इशारा ती पाण्यात उतरण्याआधीच आला होता. मुलांना घेऊन उघड्या डेकवर, बाहेर पडायच्या वाटेजवळ बसा.

तान्ह्या बाळाला अंगाशी बांधायच्या झोळीत घेऊन चढू नका. पाय घसरला तर दोघेही एकत्र खाली जाता आणि बाळ सोडवता येत नाही. एका मोठ्या माणसाने आधी चढायचं, दुसऱ्याने बाळ हातात द्यायचं. बोट आणि धक्का यांच्या फटीत हात घालण्याची मुलांना फार हौस असते. बोटं चेचली जातात ती तिथेच.

हवामानाबद्दल: फेरी सकाळची घ्या. दिवस चढला, जमीन तापली की समुद्राकडून वारा सुटतो आणि दुपारी पाणी खडबडीत होतं. ॲपवर दिसणारी लाटेची उंची ही सगळ्यात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते, म्हणजे एखादी लाट जवळजवळ दुप्पटही येऊ शकते. उंचीइतकंच दोन लाटांमधलं अंतर किती सेकंदांचं आहे हे बघा. 1 मीटरची लाट 10-12 सेकंदांनी येत असेल तर बोट संथ वर-खाली होते, तीच 4-5 सेकंदांनी आली तर दणके बसतात. ताशी 20 किलोमीटरच्या पुढे वारा असला की पाण्यावर जागोजागी पांढरे तुरे दिसू लागतात, आणि लहान मुलांच्या फेरीसाठी मी तिथेच थांबा म्हणेन. एका गोष्टीने मात्र फसायला होतं. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर किनाऱ्याजवळचं पाणी तळ्यासारखं शांत दिसतं आणि बाहेर गेल्यावर खरी परिस्थिती कळते. म्हणून झेंडा कुठल्या दिशेला फडकतोय ते बघा. फेरी सुट्टीच्या पहिल्या एक-दोन दिवसांत ठरवा. हवा बिघडून रद्द झाली तर पुढचा दिवस हाताशी राहतो. शेवटच्या दिवशी ठेवली की "आता जायचंच" म्हणून माणसं नको तेव्हा निघतात.

बोट लागणं. कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते की आपण हलतोय, आणि डोळ्यांना समोरचा बाक स्थिर दिसतो. या गोंधळातून मळमळ होते. दोन वर्षांखालच्या मुलांना हा त्रास क्वचित होतो, सहा ते बारा या वयात सर्वाधिक. जागा बोटीच्या मध्यावर, खालच्या उघड्या डेकवर घ्या, कारण पुढचं टोक सगळ्यात जास्त उचललं जातं. नजर क्षितिजावर, डोकं टेकवलेलं, मोबाइल आणि रंगवायची वही बंद. खजिन्याचा नकाशा मान खाली घालून वाचत बसलेलं मूल पहिलं उलटी करतं, म्हणून नकाशा उभा धरून दाखवा. रिकाम्या पोटी नेऊ नका आणि तेलकट भरपेटही नको. तास-दीड तास आधी कोरडं, हलकं काहीतरी द्या. औषध द्यायचं असेल तर निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास आधी, कारण उलट्या सुरू झाल्यावर दिलेली गोळी पोटात टिकत नाही. मात्रा वजनाप्रमाणे डॉक्टरांनाच विचारा. या औषधांनी बहुतेक मुलं पेंगतात, काही उलट चळवळी होतात. प्रोमेथाझिन दोन वर्षांखाली देत नाहीत, आणि कानामागे लावायच्या स्कोपोलामाइनच्या पट्ट्या मोठ्यांसाठी असतात.

मळमळीबरोबर डोकं दुखायला लागलं आणि तुम्ही मागच्या बाजूला इंजिनाच्या धुरात बसला असाल, तर ते बोट लागणं आहे असं गृहीत धरू नका. चालत्या बोटीच्या मागे धूर आत ओढला जातो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याची लक्षणं हुबेहूब अशीच असतात. लगेच पुढे मोकळ्या हवेत या आणि खलाशांना सांगा.

कोणत्या वयाला काय? तीन वर्षांखाली कुठलीही थीम चालते, कारण त्यांच्यासाठी पाणीच थीम आहे. खाडीतली किंवा आडोशाच्या पाण्यातली 45 मिनिटं ते तासभराची फेरी पुरे. चाचे आणि खजिना चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी, दीड-दोन तास. मोठ्या मुलांना नाटक नको असतं. त्यांना सुकाणू धरायला देणारी, शीड ओढायला लावणारी फेरी द्या.

चाच्यांच्या फेरीत चार गोष्टी सांभाळा. एका डोळ्यावरची पट्टी बसल्या जागी फोटोपुरती ठेवा, कारण एका डोळ्याने खोलीचा अंदाज चुकतो आणि हलत्या डेकच्या पायऱ्यांवर मूल अडखळतं. तोफा केव्हा उडणार हे आधी विचारून ठेवा. आवाजाला घाबरणाऱ्या मुलाला कानांवर घालायचं संरक्षण द्या आणि तोफेपासून दूर बसवा. चेहरा रंगवायचा तर आधी सनस्क्रीन, ते 15 मिनिटं सुकू द्या, मग रंग. आणि फेसाची पार्टी असेल तर आधीच बाजूला व्हा. ओला डेक, डोळ्यांत साबण आणि पळणारी वीस मुलं एकत्र नकोत. चमकी आणि कागदी कपटे उडवणारी बोट मला मुळीच पसंत नाही. ते सगळं वाऱ्याने समुद्रात जातं, आणि समुद्रात प्लास्टिक टाकायला आंतरराष्ट्रीय कायद्याने बंदी आहे.

काचेच्या तळाच्या बोटीसाठी ऊन डोक्यावर हवं, साधारण 10 ते 2, आणि आदल्या दिवशी पाऊस किंवा जोराचा वारा नको. नाहीतर गढूळ हिरव्या पाण्याखेरीज काही दिसत नाही. सतत खाली बघून मळमळतं, म्हणून मुलांना अधूनमधून क्षितिज दाखवा.

डॉल्फिनच्या फेरीत "हमखास दिसणार" म्हणणाऱ्यापेक्षा "दिसले तर 50 मीटरवर थांबू" म्हणणारा कप्तान निवडा. चांगली बोट मागून पाठलाग करत नाही, बाजूने समांतर, हळू चालते. डॉल्फिन स्वतःहून बोटीच्या पुढच्या लाटेवर खेळायला आले तर त्याहून सुंदर काही नाही. खायला टाकून जवळ बोलावणाऱ्यांच्या बोटीत पाय ठेवू नका.

मध्ये पोहण्याचा थांबा असेल तर पाण्यात उतरण्याआधी इंजिन बंद झालंय, शिडी खाली सोडलीय, मागे तरंगती दोरी टाकलीय आणि एक खलाशी फक्त पाण्याकडे बघतोय, एवढं पाहा. आधी प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला पोहा, म्हणजे दमल्यावर प्रवाहच बोटीकडे आणतो. पाण्याखाली बघायचा मास्क पट्टा न लावता मुलाच्या चेहऱ्यावर ठेवा आणि नाकाने श्वास आत ओढायला सांगा. चिकटून राहिला तर माप बरोबर. केसांची एक बट जरी कडेखाली अडकली तरी पाणी आत येतं. निघण्यापूर्वी डोकी पुन्हा मोजली गेलीच पाहिजेत. 1998 च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफवर मोजणी चुकली, बोट निघून गेली आणि पाण्यात राहिलेलं जोडपं पुन्हा सापडलं नाही. खलाशी मोजोत न मोजोत, आपल्या माणसांची मोजणी आपण करायची.

ऊन वाऱ्यात जाणवत नाही, पण लागतं. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट आणि हनुवटीखाली दोरी असलेली टोपी सनस्क्रीनपेक्षा भरवशाची. उघड्या राहिलेल्या जागी दर दोन तासांनी पुन्हा लावा, पोहून आल्यावर लगेच. सहा महिन्यांखालच्या बाळाला सावली आणि कपडेच.

बोटीवरचं शौचालय बहुधा अगदी छोटं असतं आणि कागद टाकला की तुंबतं, तेव्हा मुलांना किनाऱ्यावरच नेऊन आणा. उतरल्यावर जमीन डुलल्यासारखी वाटली तर घाबरू नका, ते बहुधा काही तासांत थांबतं. दोन दिवसांनंतरही राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.